लेह, बुलेट आणि 'बाप' प्रश्न

जून उजाडला की ऑफिसातल्या पोरांच्या अंगात लेह संचारतं. रूट, टेंट, नी-गार्ड, डायमॉक्सच्या गोळ्या, सगळ्यावर चर्चा झडते. एका प्रश्नावर मात्र अळीमिळी गुपचिळी. एवढ्या उंचीवर जाऊन आल्यावर बाबा व्हायला काही प्रॉब्लेम?

माझ्या एका मित्राने तो विचारला, तोही कुजबुजत. त्याचं आणि बायकोचं वर्षभर 'ट्राय' चालू आहे. तिच्या तपासण्या दोनदा झाल्या, ह्याची एकदाही नाही. (आपल्याकडचं फेमस वेळापत्रक! वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या केसेसमध्ये पुरुषाचाही वाटा असतो, पण लक्षात कोण घेतो?)

तर बॉस, उंचीचा परिणाम होतो. लेह साधारण 3,500 मीटरवर, खारदुंग ला 5,300 च्याही वर. हवेत ऑक्सिजन तिथेही 21 टक्केच, पण हवेचा दाब निम्म्यावर येतो, म्हणून श्वासागणिक ऑक्सिजनही जेमतेम निम्माच मिळतो. काही आठवडे अशा उंचीवर राहिलेल्या गिर्यारोहकांचे छोटे-छोटे अभ्यास झालेत. त्यांच्यात शुक्राणूंची संख्या घटलेली दिसली, खाली आल्यावर काही महिन्यांत ती बहुतांशी भरूनही निघाली.

पण ते महिनाभर मोहिमेवर असणारे लोक. आठवडाभर बुलेट हाणून मॅगी खाऊन परतणाऱ्यांना तोच हिशोब लावण्यात अर्थ नाही. आणि लडाखी माणसं पिढ्यान् पिढ्या तिथेच संसार करतायत की!

खरा घोळ टायमिंगचा आहे. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे ट्रिपनंतर महिन्या-दीड महिन्याने टेस्ट केली, तर त्या रिपोर्टात लेहच्या दिवसांतला 'माल' असू शकतो. आकडा कमी आला की घरात रडारड, आईचे टोमणे, नको ती औषधं. म्हणून मित्राला सांगितलं, जायच्या आधीच टेस्ट करून घे. परतल्यावर करणार असशील, तर डॉक्टरांना ट्रिपचं सांग, मध्ये ताप येऊन गेला असेल तर तोही सांग. रिपोर्ट खराब आला तर तीन महिन्यांनी पुन्हा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत मिलिलिटरमागे 1.6 कोटी ही खालची संदर्भ-पातळी दिलीय, पण त्याखाली असलेलेही बाप होतातच.

टेस्टच्या आधी दोन ते सात दिवस ब्रह्मचर्य, मग लॅबमध्ये सॅम्पल. खर्च बुलेटच्या सर्व्हिसिंगइतकाही नाही.