छपराचे काम आणि लेखी करार

मृग नक्षत्र तोंडावर आले की कोकणातील कौलारू घरांचे धनी सुताराच्या दारी खेपा घालू लागतात. बियाणे, खत व अवजारे ह्यांची सिद्धता दोन महिने आधी करणारा शेतकरी डोक्यावरील छपराविषयी मात्र पहिला ढग दिसेपर्यंत निश्चिंत असतो. मग मिळेल तो मक्तेदार, तो सांगेल ती रक्कम आणि सर्व व्यवहार तोंडी! पुढे काम अर्धवट राहून बियाण्याच्या भातावर पाणी आले, म्हणजे सारा दोष मक्तेदाराच्या माथी. आमचे मत असे की, ह्या दोषाचा मोठा वाटा धन्याचाच असतो.

प्रथम वेळेचा विचार करू. गावचे सुतार व मजूर हेही बहुधा शेतकरीच असतात. रोहिणी निघाल्या की त्यांचे पाय स्वतःच्या खाचराकडे वळणारच. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीकडील हजारो घरांची छपरे उडविली, तेव्हा कौले, पत्रे व कारागीर सर्वांस एकाच वेळी हवे झाले. ती आपत्ती अटळ होती. परंतु तशीच धांदल दरवर्षी आपल्या हाताने ओढवून घेण्याचे कारण काय? भाताची झोडणी उरकली की पाहणी करावी, पौषात करार व्हावा आणि आंब्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी काम संपावे.

पाहणी धन्याने स्वतः करावी. आढे, वासे व रिपा ह्यांबरोबरच भिंतीत शिरलेली तुळयांची टोके टोकदार हत्याराने टोचून पाहावी. वाळवी व कूज बहुधा तेथेच आरंभ करतात. सांगाडा धड असेल, तर कौले परतून फुटकी तेवढी बदलणे पुरे. तेथे नव्या छपराचा खर्च व्यर्थ होय. उलट, पत्रे काढून मंगलोरी कौले घालावयाची असतील, तर भाराचा विचार आधी करावा. एक कौल सुमारे अडीच किलोचे, आणि चौरस मीटरास सुमारे 15 कौले लागतात. म्हणजे तेवढ्या जागेवर 37 किलोंहून अधिक भार येतो. पत्र्यासाठी घातलेला हलका सांगाडा तो पेलेलच असे नाही.

मापातही फसगत होते. घर 10 मीटर लांब व 8 मीटर रुंद असले, तर जमिनीच्या मापाने 1,200 कौले पुरतील असे वाटते. परंतु चारी बाजूंस 60 सेंटिमीटर पागोळीची जागा सोडून 30 अंशांचा उतार धरला, तर पाख्यांचे क्षेत्र सुमारे 119 चौरस मीटर भरते व कौले सुमारे 1,785 लागतात. फुटतुटीची वेगळीच. हा हिशेब ज्याने आधी केला नाही, त्यास भर कामात मक्तेदार सांगेल तो आकडा मानावा लागतो.

आता करार. लाकडाची जात व जाडी, कौलांचा प्रकार, कामाची मुदत, उतरलेले जुने लाकूड कोणाचे, उघड्या घरावर ताडपत्री कोणी घालावयाची, मजुरास इजा झाल्यास खर्च कोणाचा, हे सर्व कागदावर यावे. विसार थोडका द्यावा. पुढील रक्कम सांगाडा उभा राहिल्यावर व कौले चढल्यावर हप्त्याने द्यावी. आणि दहावा हिस्सा पहिला मोठा पाऊस होऊन घर कोरडे राहीपर्यंत हाती ठेवावा. ही अट करारातच असावी. मागाहून रक्कम अडविणे हा अन्याय होय.

कित्येक बंधू म्हणतात, “सुतार घरच्यासारखा, त्याजकडून सही घेणे म्हणजे अविश्वास.” आम्हांस हे पटत नाही. कुळाशी वा बँकेशी व्यवहार करिताना आपण कागद करितोच, आणि त्यात कोणी अपमान मानीत नाही. तोंडी बोलीत दोघांच्या स्मरणात दोन रकमा राहतात आणि पिढ्यांचा संबंध एका पावसाळ्यात तुटतो. कागदाने सुताराचेही रक्षण होते. त्याची मजुरी बुडविणारे धनीही आपणांतच आहेत.

म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक गावच्या सोसायटीने छपराच्या कराराचा एक नमुना दप्तरी ठेवावा व सभासदास मागताच द्यावा. ज्या छपराखाली पुढील सालाचे बियाणे असते, त्याची व्यवस्था शेतीच्या कामाहून निराळी मानणे शेतकऱ्यास परवडणारे नाही.