पश्चात परिवार असा आहे

देशान्तर केलेला समलिंगी पुरुष मराठी चर्चेत आला की त्याच्यासाठी दोन शब्द तयार असतात : पलायन आणि मुक्ती. पहिला त्याच्यावर रागावलेली माणसे वापरतात, दुसरा त्याच्याविषयी सहानुभूती असलेली. गृहीतक मात्र दोन्हीकडे एकच आहे. विमान सुटले आणि या माणसाची गोष्ट संपली. आता त्याच्याविषयी सांगण्यासारखे काही उरले नाही. मला वाटते, गोष्ट तिथून सुरू होते. भाड्याचे घर, किराणा, व्हिसाचे अर्ज, रविवारचा घरचा फोन हे सारे मराठी साहित्याचा विषय व्हायला हवे होते. ते जवळजवळ झालेले नाही.

परदेशस्थ मराठी लेखनाचे काही ठरलेले विषय आहेत. बर्फ, मंडळाचा गणपती, मुलांचे मोडके मराठी, मागे राहिलेले वृद्ध आईवडील. ते खोटे नाहीत. पण त्या लेखनातला संसार नेहमी नवरा-बायकोचाच असतो. पहिले विश्व मराठी साहित्य संमेलन २००९ साली अमेरिकेत सॅन होजे येथे भरले. अध्यक्ष होते डॉ. गंगाधर पानतावणे. दक्षिण आशियाई समलिंगी स्त्रीपुरुषांची 'त्रिकोण' ही संघटना सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या त्याच परिसरात १९८६ साली सुरू झाली होती आणि त्याच नावाचे नियतकालिकही काढीत असे. नावही असे की मराठी शाळेतल्या पोराला भूमितीच्या पुस्तकातून ओळखीचे. इतक्या वर्षांच्या या शेजाराची खूण मला तरी मराठी ललित गद्यात भेटलेली नाही.

मायदेशातल्या साहित्यात काय आहे? तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगमंचावर आले. त्यातल्या सुमित्राला शेवटी आत्महत्येखेरीज वाट उरत नाही. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ साली आली. तनय आणि अनुजा ही पुण्यातली भावंडे घरात राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात, आणि त्या तरुणाला कादंबरीभर नाव नाही. अभ्यासक्रमात ही पुस्तके आली तर विद्यार्थी 'धाडसी विषय' असे लिहून दोन गुण मिळवतात. विषय धाडसी असतो म्हणजे काय, हे त्यांना कोणी विचारीत नाही. माझ्या मते 'कोबाल्ट ब्लू'तली खरी गोष्ट तो निनावीपणा आहे. ज्याच्यावर प्रेम केले त्याला घरच्यांसमोर कोणत्या नावाने हाक मारायची, हा प्रश्न कादंबरीकाराने नाव न देऊन सोडवला. परदेशी स्थायिक झालेल्या माणसाला तो रोज सोडवावा लागतो.

बिंदुमाधव खिरे यांचे उदाहरण इथे उपयोगी आहे, कारण त्यांचा प्रवास उलट्या दिशेचा. ते संगणक अभियंता म्हणून अमेरिकेत होते, तिथल्या समलिंगी चळवळीचा त्यांना परिचय झाला, आणि मग ते परत आले. २००२ साली त्यांनी पुण्यात समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि मराठीत लिहायला घेतले : 'पार्टनर' ही कादंबरी, 'इंद्रधनू' हे माहितीपर पुस्तक आणि इतर. 'पार्टनर' वाङ्मयीन निकषांवर थोर कादंबरी आहे असे मी म्हणणार नाही. तिला वाचकाला समजावून सांगण्याची घाई आहे. पण शीर्षकाकडे पाहा. व. पु. काळे यांची त्याच नावाची कादंबरी कितीतरी आधीची, आणि तिथला शब्द मैत्रीतला. खिरे यांनी तोच शब्द उचलला, कारण मराठीत दुसरा नव्हता. 'जोडीदार' आहे, पण तो विवाहमंडळाच्या अर्जातला वाटतो. 'सखा' म्हटले की भक्तिगीत सुरू होते.

भाषेचा हा पेच वाटतो त्याहून खोल आहे. इंग्रजी बोलणारा माणूस आपल्या प्रिय व्यक्तीविषयी तासभर बोलूनही ती स्त्री की पुरुष हे झाकून ठेवू शकतो. मराठीत क्रियापदच चहाडी करते. 'आला' किंवा 'आली' यांतून सुटका नाही; आदरार्थी बोलले तरी 'आले' आणि 'आल्या' उभेच. मग माणूस काय करतो? तो म्हणतो, 'आमच्याकडे हल्ली भात कमीच होतो.' 'घरी विचारून सांगतो.' हे ऐकताना मी चमकलो होतो, कारण ही आपल्या आज्यांची भाषा आहे. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही म्हणून 'इकडून', 'आमच्याकडे', 'हे', 'स्वारी' अशी सर्वनामांची आणि आडवळणांची एक संपूर्ण व्यवस्था त्यांनी उभी केली होती. तिथे कारण मर्यादेचे होते, इथे भीतीचे, व्याकरण तेच. फरक एवढाच, की आजीला सणासमारंभात उखाण्यातून नाव घेण्याची मुभा होती, किंबहुना आग्रह होता. टोरांटोतल्या मंडळाच्या हळदीकुंकवात या माणसाकडे कोणी नाव घे म्हणून हट्ट धरीत नाही.

मी वसईत राहतो, म्हणून 'परदेश' हा शब्द एकवचनी वापरणे मला जमत नाही. आमच्याकडची माणसे बाहेर जायची ती बोटीवर किंवा आखाती देशांत. नंतरची पिढी कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे वळली. गावागावांतले किती तरी बंगले आखाती पैशावर उभे आहेत. सौदी अरेबिया, कुवेत, कतार या देशांत समलिंगी संबंध आजही गुन्हा आहेत. तिथे गेलेल्या समलिंगी वसईकराला मुक्ती मिळाली म्हणायचे की त्याने पलायन केले? तो चार माणसांच्या खोलीत राहतो, पैसे पाठवतो, सुट्टीत आला की त्याला स्थळे दाखवली जातात. माझ्या मते आपल्या चर्चेतून पूर्णपणे गळालेला माणूस हा आहे, आणि संख्येने तो टोरांटोकराहून कमी असेल असे मानायला मला काही आधार दिसत नाही. आणि ज्या अमेरिकेला आपण मुक्तिभूमी समजतो, तिच्या स्थलांतर कायद्यात १९९० पर्यंत समलिंगी परदेशस्थाला प्रवेश नाकारण्याची तरतूद होती. समलिंगी पतीला 'पती' म्हणून व्हिसा मिळू लागला तो २०१३ नंतर. कॅनडात विवाह २००५ पासून कायदेशीर.

जाता जाता एक आठवण. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगिजांकडे होती, आणि गोव्याच्या धर्मन्यायासनाला पुरुषा-पुरुषांतले संबंध दंडनीय होते. इंग्रजांनी पुढे १८६० च्या दंडसंहितेत ३७७ वे कलम घातले. पोर्तुगालमध्ये समलिंगी विवाह २०१० पासून होतात, इंग्लंडमध्ये २०१४ पासून. 'ही पाश्चात्त्य फॅशन आहे' असे सांगणाऱ्यांनी कोणती फॅशन कोणी आणली आणि कोणी टाकली याची एकदा तारीखवार नोंद करावी.

माझा एक जुना विद्यार्थी टोरांटोजवळ स्थायिक आहे. गाव सांगत नाही. वसईत गाव सांगितले की घर कळते. सात वर्षांपूर्वी त्याने तिथल्याच एका पुरुषाशी लग्न केले. तो मला फोन करतो तेव्हा बहुधा तक्रारी करतो, आणि त्या तक्रारी मला मुक्तीच्या कोणत्याही कवितेपेक्षा विश्वसनीय वाटतात. सुके बोंबील भाजले की नवरा गॅलरीचे दार उघडून थंडीत उभा राहतो. मराठी मंडळात त्याला 'अजून एकटाच का?' विचारतात आणि समलिंगी मित्रांच्या मेजवानीत 'भारतात तुला फार त्रास झाला असेल ना?' विचारतात, दोन्हीकडे उत्तर आधीच ठरलेले असते. 'सर, विरारला आम्ही तीन पोरे एका खोलीत राहायचो, कोणाला काही वाटायचे नाही. इथे घर भाड्याने घेताना बाई विचारते, बेडरूम एक की दोन. पहिल्यांदा मी दोन म्हणालो. दीडशे डॉलर जास्त भरले वर्षभर, एका रिकाम्या खोलीचे.' लग्न झालेले असताना, कायदा पाठीशी असताना त्याने दोन म्हटले. वसईची सवय कॅनडाच्या कायद्याने लगेच जात नाही, आणि ती जायला किती वर्षे लागतात हा कादंबरीचा विषय आहे.

मागच्या वर्षी त्याचे वडील वारले. दोघेही आले. इथे कायद्याची स्थिती काय होती? ३७७ व्या कलमाची धार ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने काढली. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाचा हक्क नाकारला. त्यानंतर २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या खात्यांनी काही पत्रके काढली : समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडता यावे, शिधापत्रिकेत एक कुटुंब म्हणून नोंद व्हावी, आणि जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावे. रेशन आणि प्रेत यांपुरते नाते मान्य झाले. मधले आयुष्य अजून विचाराधीन आहे. कॅनडात ज्याच्याशी लग्न झाले तो मुंबईच्या विमानतळावर उतरताच परका पर्यटक झाला.

पण घरातला प्रश्न कायद्याचा नव्हता. निधनवार्तेचा मजकूर लिहायचा होता. मराठी निधनवार्तेचा साचा आपल्याला पाठ आहे : 'त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगे, मुलगी, सून, जावई, नातवंडे असा परिवार आहे.' या वाक्यात कोण बसते आणि कोण नाही, हे आपले समाजशास्त्र आहे. मुलाच्या नवऱ्याला त्यात शब्द नाही. चुलते म्हणाले, 'आणि मित्रपरिवार' असे लिहू, त्यात सगळे येतात. कोणी तरी 'जावई' सुचवले. पण मुलगी एक आणि जावई दोन हे गावाला समजावणार कोण? तास गेला. शेवटी त्याच्या आईने कागद मागून घेतला आणि 'दोन मुलगे' खोडून 'तीन मुलगे' केले. तसेच छापून आले.

ही हकिगत मी विभागात सांगितली तेव्हा सहकाऱ्यांना ती फार आवडली. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. मलाही आवडली होती, म्हणून मी त्याला फोनवर तसे म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'सर, आईने केले ते प्रेमानेच केले, मी तिला काही बोललो नाही. पण गावाच्या लेखी आता तो माझा भाऊ आहे. पुढच्या खेपेस आलो की सगळे त्याला भाऊच म्हणणार. मला पुन्हा दोन बेडरूमचे घर मिळाले.'

वर्षश्राद्धाच्या मिस्सेची सूचना येत्या महिन्यात छापायची आहे. मजकूर या वेळी त्याने स्वतः लिहायचा असे ठरले आहे. त्याने मला दोनदा विचारले, 'सर, शब्द सुचवा.' मी मराठी शिकवतो.