खेळण्याचें दान

दिवाळीपूर्वीं माळा झाडावयास काढला, कीं घरोघर एक टोपली हटकून निघते. चाक गेलेली मोटार, डोळा निखळलेली बाहुली, निम्म्या सोंगट्या हरवलेला पट, चार भांडीं कमी झालेली भातुकली. एकत्र कुटुंबांत तर दोघी-तिघी जावांच्या मुलांची ही मिळकत चांगली पोतेंभर भरते. मग कोणीतरी म्हणतें, "द्या टाकून कामाच्या बाईंच्या मुलांना, तेवढेंच पुण्य!" टाकणें आणि देणें हीं दोन क्रियापदें एका वाक्यांत इतकीं सहज शेजारीं येऊन बसतात, कीं बोलणाराच्या तें ध्यानांतहि येत नाहीं. आजचे चार शब्द याच विषयीं लिहावयाचे आहेत.

दानाविषयीं आपल्या घरांत कमी बोललें जातें असें नाहीं. गीतेच्या सतराव्या अध्यायांत दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. योग्य स्थळीं, योग्य वेळीं, योग्य व्यक्तीस, परतफेडीची अपेक्षा न धरतां दिलेलें तें सात्त्विक. आणि घेणाऱ्यास तुच्छ लेखून, अनादरानें दिलेलें तें तामस. श्राद्धाच्या दक्षिणेंत फाटकी नोट घालण्यास जे गृहस्थ कचरतात, तेच मोडकें खेळणें दुसऱ्याच्या लेंकराच्या हातीं ठेवतांना कचरत नाहींत. लेंकरूं लहान असलें तरी त्याला अपमान कळतो. तीन चाकांची गाडी आपल्याच वांट्याला कां आली, हें त्याला पुरतें उमगतें. तें बोलून दाखविण्याची सोय मात्र त्याला नसते.

खेळ हें लहान मुलाचें खरें काम आहे, ही गोष्ट महाराष्ट्राला ज्यांनीं प्रत्यक्ष करून दाखविली, त्यांत ताराबाई मोडक यांचें नांव अग्रभागीं येतें. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचें कार्य केल्यानंतर त्यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. माँटेसरीबाईंचीं साधनें सुबक खरीं. परंतु खेड्याला तीं परवडण्याजोगीं नव्हतीं. तेव्हां ताराबाई व अनुताई वाघ यांनीं शंख-शिंपले, गोटे, बिया, पानें, काड्या यांतूनच मोजण्याचीं व जुळविण्याचीं साधनें सिद्ध केलीं. गरीब वस्तींतलीं मुलें शाळेपर्यंत येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणांत नेली, आणि तिला अंगणवाडी म्हटलें. १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. पुढें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोंचला. या इतिहासांतून आपण एवढेंच घेऊं, कीं खेळणें महाग नसलें तरी चालतें. पण तें धड असावें आणि सर्वांचें असावें.

आतां एका गांवाचें उदाहरण घेऊं. धाराशिव जिल्ह्याच्या परांडा तालुक्यांतील सोनारी हें भैरवनाथाचें क्षेत्र. कित्येक कुळांचा तो कुलस्वामी असल्यानें दूरदूरचीं कुटुंबें तेथें दर्शनास जातात. गांवांत माकडें पुष्कळ, आणि मुलें त्यांच्यांत रमून जातात. आपण देवापुढें नारळ ठेवतों, माकडांना फुटाणे घालतों, आणि परत गाडींत बसतों. त्या गांवच्या मुलांची व आपल्या मुलांची गांठ पडतच नाहीं. पुढील खेपेस दर्शनास निघतांना गांवच्या अंगणवाडीसाठीं एक खेळण्यांची पेटी बरोबर कां नेऊं नये?

एकेका मुलाला बोलावून खेळणें वांटण्यापेक्षां पेटी देणें बरें, याला कारण आहे. वांटतांना देणारा उंच होतो, घेणारा खालीं पाहतो, आणि ज्याला मिळालें नाहीं तो रडतो. पेटीवर सरपंचाच्या नातीचा आणि मजुराच्या मुलाचा हक्क सारखा. शिवाय या भागांतलीं कित्येक कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. बिऱ्हाड बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरवर निघतें, तेव्हां मुलाच्या खेळण्याला त्यांत जागा नसते. पेटी गांवांतच राहिली, तर उन्हाळ्याच्या तोंडीं परतणाऱ्या त्या मुलाचाहि वांटा तींत शिल्लक राहतो. मात्र अगोदर अंगणवाडीच्या ताईंना विचारावें, कीं काय हवें आणि जागा किती आहे.

पेटी घरींच करावी. हत्यार चालविणारें कोणी नसल्यास सुताराला बोलवावें आणि मुलांना शेजारीं बसवावें. लांकूड कडुलिंबाचें उत्तम, त्याला कीड सहसा लागत नाहीं. आंब्याचें स्वस्त, पण लवकर किडतें. तें चांगलें वाळलेलें असावें. लांबी दोन फूट, रुंदी एक फूट, उंची एक फूट, आणि मध्यें एक पडदी. एवढ्या खणांत मूल लपून बसूं शकत नाहीं, हा मोठा लाभ. तरीहि बाजूंना गिरमिटानें चार-सहा भोंकें पाडावीं. झांकण जड नसावें, नाहींतर बोटें चिरडतात. सोनारीसारख्या गांवीं माकडांसाठीं बंदोबस्त हवाच; त्यासाठीं वरून फिरविण्याची लहानशी लांकडी पट्टी पुरे, कुलूप नको. खिळ्यांऐवजीं स्क्रू वापरावे, कडा रंध्यानें गोल कराव्या, कुसळ राहूं नये म्हणून कांचकागद फिरवावा. हें शेवटचें काम मुलांचें. रंगाऐवजीं जवसाच्या तेलाचा हात पुरेसा आहे. घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दशलक्षांत ९० भागांहून अधिक असूं नये, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वींचा उरलेला डबा असेल तर तो पेटीला लावूं नये.

आंत काय घालावें? जें आपल्या मुलाच्या हातीं आज देऊं, तेंच. अंगणवाडींत धाकटीं भावंडेंहि येतात. सव्वा इंच व्यासाच्या नळींत जी वस्तु पुरती मावते, ती तीन वर्षांखालील मुलाच्या घशांत अडकूं शकते. ती काढून ठेवावी. बटनसेल असलेलीं खेळणीं मुळींच देऊं नयेत. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका जाळूं शकतो. लांकडी ठोकळे, चेंडू, पुरी भातुकली, धुतलेल्या बाहुल्या, सावंतवाडीच्या चितारआळींतलीं लांकडी फळें, चित्रांचीं पुस्तकें एवढ्यानें पेटी भरते.

आतां सर्वांत नाजुक गोष्ट. खेळणें मुलाचें असतें, आपलें नव्हे. त्याला न विचारतां त्याची बाहुली परस्पर देऊन टाकली, तर पुण्य आपल्या पदरीं पडत नाहीं आणि मुलाच्या मनांत मात्र दानाविषयीं अढी बसते. म्हणून घरांतल्या प्रत्येक मुलाला आपलें एक खेळणें निवडूं द्यावें, आणि तें अजून आवडतें असेल तर फारच चांगलें. एखादें मूल "नाहीं" म्हणालें, तर काकूंनीं इतर भावंडांचा दाखला देऊन त्याला लाजवूं नये. त्यानें कांचकागद घांसला, हेंहि देणेंच आहे. जें मूल आज नाहीं म्हणूं शकतें, तेंच उद्यां मनापासून हो म्हणेल.

पेटी पोंचविण्यास मुलांना बरोबर न्यावें, आणि तेथें भाषण किंवा छायाचित्रें यांचा घाट घालूं नये. दोन्हीं घरचीं मुलें तासभर एकत्र खेळलीं, म्हणजे समारंभ झाला. देवळाच्या पायरीवर दात्याचें नांव कोरण्याची आपली जुनी चाल आहे, तरी पेटीवर तें घालूं नये. मुलांना खेळतांना कोणाचें ऋण वाचावें लागूं नये. आणि चाक निखळणें, पडदी हलणें हें चालावयाचेंच. म्हणून पुढच्या वर्षीं भैरवनाथाच्या दर्शनास जाल, तेव्हां नारळाबरोबर एक पेचकस आणि मूठभर स्क्रू घेऊन जा.