मत मिळाले, उचल फिटली नाही

1787 मध्ये अमेरिकेची राज्यघटना लिहिताना गुलामांची शिरगणती पाचास तीन अशी धरली गेली. त्या हिशेबावर दक्षिणेकडच्या मालकांच्या लोकप्रतिनिधींची संख्या वाढली. गुलामाला मत नव्हतेच.

बिदर-कलबुर्गीत क्रम उलटा झाला: मत आधी आले, सुटका नंतर. निजामाच्या राज्यात हा मुलूख जहागिरी आणि पायग्यांनी व्यापलेला. उचल घेतलेला माणूस मालकाच्या दारात राबायचा आणि कर्ज मुलाच्या डोक्यावर ठेवून मरायचा. त्याला भागेला म्हणत; कन्नडमध्ये या प्रथेला जीत. 1943 मध्ये अशा करारांना वेसण घालणारा कायदा हैदराबादेत झाला खरा, पण गावातला कागद पाटील-पटवाऱ्याच्या हातात. भागेल्याच्या वतीने तो वाचणार कोण?

सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाईने निजामाची राजवट संपली. भारताच्या घटना समितीत हैदराबादच्या वाट्याला 16 जागा होत्या. त्या भरल्याच गेल्या नाहीत. वेठबिगारीला बंदी घालणारे 23 वे कलम लिहिले गेले तेव्हा भागेल्याच्या मुलखातले कोणीच तिथे नव्हते. नोव्हेंबर 1949 मध्ये निजामाने फर्मान काढून ती राज्यघटना स्वीकारली.

बी. श्यामसुंदर यांची आठवण इथे टाळता येत नाही. हैदराबादचे हे दलित नेते 1948 मध्ये निजामाच्या शिष्टमंडळातून संयुक्त राष्ट्रांकडे गेले. ती बाजू चुकीची होती. दलितांनी निजामाच्या मागे जाऊ नये, असे आंबेडकरांनी नोव्हेंबर 1947 मध्येच बजावले होते. पण नव्या राष्ट्रात आपल्यातर्फे कोण बोलणार, ही धास्ती पोकळ नव्हती. त्या रिकाम्या जागा पाहा. याच श्यामसुंदरांनी 1968 मध्ये गुलबर्ग्यात (आजच्या कलबुर्गीत) भीमसेना काढली.

1952 च्या निवडणुकीत गुलबर्ग्यातून निजामविरोधी लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ लोकसभेवर गेले. मालक आणि भागेला दोघांनाही एकेकच मत होते. अमेरिकेला जे जमले नाही ते आपण पहिल्याच फटक्यात केले, याचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र मत देऊन माणूस संध्याकाळी त्याच वाड्यावर परतला, कारण त्याची उचल घटनेने फेडली नव्हती. ते कर्ज रद्द ठरवणारा कायदा यायला 1976 उजाडले. भागेला आणि जीत ही नावे त्या कायद्यात इतर प्रथांसोबत नोंदलेली आहेत.

हा कायदा जिल्ह्याजिल्ह्यात दक्षता समिती नेमायला सांगतो आणि तिच्यात अनुसूचित जाती-जमातींच्या तीन व्यक्तींना स्थान देतो. कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर टाकतो. प्रतिनिधित्वाची ही सगळ्यांत खालची, म्हणून सगळ्यांत कामाची पायरी. दर 17 सप्टेंबरला, निजामाची राजवट संपली त्या दिवसाला काय म्हणावे यावर आपण तावातावाने भांडतो. यंदा त्याआधी आपल्या जिल्ह्याच्या उपायुक्तांना एक अर्ज द्या: ही समिती शेवटची कधी बसली आणि तिच्यात ते तिघे कोण आहेत?