बंधपत्राचे वर्ष आणि आमची सेवाभक्ती

आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गात सेवेविषयी एक चमत्कारिक न्याय रूढ झाला आहे. दुसऱ्याची मुले खेड्यात जाऊन राहिली की ती वंदनीय ठरतात. आपल्या मुलाची वा मुलीची नेमणूक खेड्यात झाली की ती आपत्ती ठरते. हेमलकशाच्या आमटे दांपत्याचे व्याख्यान ऐकताना ज्यांचे डोळे पाणावतात, तेच गृहस्थ आपली डॉक्टर झालेली कन्या व जावई यांना परभणी जिल्ह्यातील एखादे प्राथमिक आरोग्य केंद्र मिळाले असे कळताच ओळखीपाळखीच्या अधिकाऱ्याचा पत्ता शोधू लागतात. या दोन वृत्तींत विरोध आहे असे वरवर पाहणारास वाटेल. आमच्या मते त्या एकाच वृत्तीच्या दोन बाजू आहेत, आणि ती वृत्ती खेड्यांना व तेथे जाणाऱ्या तरुणांना सारखीच घातक आहे.

प्रथम वस्तुस्थिती सांगतो. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. होणाऱ्या विद्यार्थ्यास, शासन नेमून देईल तेथे एक वर्ष सेवा करण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागते. त्याच्या शिक्षणाचा मोठा भार जनतेने उचललेला असतो, त्याची ही अल्पशी परतफेड. सेवा न करणारास दंड ठरविण्यात आला: पदवीधरास १० लक्ष रुपये, पदव्युत्तरास ५० लक्ष. दंड हा धाक म्हणून योजला होता. सधन घरांनी तो दर म्हणून वाचला. कित्येकांनी तो भरून, आणि कित्येकांनी तोही न भरता, हे वर्ष टाळले. म्हणूनच शासनाला नियम उत्तरोत्तर कडक करावे लागले. ज्या घरांत मुलाच्या पहिलीतील प्रवेशापासून सत्यनिष्ठेचे धडे दिले जातात, त्याच घरांत स्वहस्ताक्षराने लिहिलेल्या शब्दाची ही किंमत व्हावी, याचा आम्हांस खेद वाटतो.

परभणीचे नाव घेताच ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांना त्या जिल्ह्याची माहिती तरी कितीशी असते? गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांचा हा प्रदेश. तालुके ९, आणि २०११ च्या शिरगणतीनुसार लोकसंख्या १८ लक्ष ३६ हजार. सप्टेंबर १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे शाळा, दवाखाने व रस्ते यांच्या बाबतीत त्याची वाटचाल उशिरा सुरू झाली. १९७२ साली परभणीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि तेथे निघालेले रब्बी ज्वारीचे ‘परभणी मोती’ हे वाण दूरदूरच्या शेतांत पोचले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मात्र २०२३ साली सुरू झाले. ज्या जिल्ह्याची ज्वारी आमच्या ताटात येते, त्या जिल्ह्यात आमच्या मुलांनी एक वर्ष राहणे म्हणजे काळे पाणी, हे म्हणणे निदान कृतज्ञतेचे नव्हे.

या वर्षातील दैनंदिन आयुष्य कसे असते? दोघेही डॉक्टर, वर्गबंधू-भगिनी, नुकताच विवाह झालेला, अशी जोडपी आज विरळा नाहीत. दोघांची नेमणूक एकाच केंद्रात होईलच असे नाही. एकाची जिंतूर तालुक्यात आणि दुसरीची पालम तालुक्यात झाली, तर जिल्ह्याची दोन टोके झाली. संसार मग रविवारच्या एस.टी.वर चालतो. एकत्र नेमणूक झाली तरी सकाळी बाह्यरुग्ण विभाग, ठराविक वारी लसीकरण, दुपारी उपकेंद्राची फेरी, संध्याकाळी अहवालांचे रकाने, आणि रात्री केव्हाही दारावर थाप. पावसाळ्यात सर्पदंश व विंचूदंश. कपाशीवर फवारणी सुरू झाली की विषबाधा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची बिऱ्हाडे हलली की अर्धवट लसीकरण झालेल्या मुलांचा माग काढणे. आणि वैशाखात उन्हाने कोसळलेले म्हातारे. गाव डॉक्टरला ‘साहेब’ म्हणते. त्याच पदवीच्या, त्याच अधिकाराच्या त्याच्या पत्नीला पुष्कळदा ‘सिस्टर’ म्हणते. दिवसभराची सारखीच कामगिरी करून दोघे घरी आली की चूल मात्र तिनेच पेटवावी, अशी अपेक्षा शेजारीण करते, आणि दूरध्वनीवरून सासूही करते. जानेवारीत कोणी शेतकरी हुरडा खायला आग्रहाने घेऊन जातो, बाळंतिणीची आई डबाभर दही आणून ठेवते, हे सुखही त्यातच असते. हे आयुष्य वनवासाचे नाही आणि तपश्चर्येचेही नाही. ते कष्टाच्या नोकरीचे आयुष्य आहे.

यावर आमचे सेवाभक्त वाचक म्हणतील, ‘यात तक्रार कसली? बैरागडच्या कोल्हे दांपत्याकडे पाहा.’ आम्हीही आदरानेच पाहतो. डॉ. रवींद्र कोल्हे यांनी विवाहापूर्वी घातलेल्या अटी महाराष्ट्रात घरोघर सांगितल्या जातात: ४० किलोमीटर चालता आले पाहिजे, लग्न ५ रुपयांत झाले पाहिजे, महिना ४०० रुपयांत भागविता आले पाहिजे. नागपुरात स्वतःचा व्यवसाय असलेल्या डॉ. स्मिता यांनी त्या मान्य केल्या, आणि दोघांनी मेळघाटात आयुष्य वेचले. २०१९ साली दोघांनाही पद्मश्री मिळाली. परंतु त्या अटी एका मनुष्याने आपल्या संकल्पासाठी घातल्या होत्या. त्या शासनाने कर्मचाऱ्यास घालावयाच्या अटी नव्हेत. एखाद्याने स्वेच्छेने उपवास केला म्हणून पंगतीतील सर्वांची ताटे उचलावयाची नसतात.

शिवाय या थोर जोडप्यांपासून शिकावयाचे ते आम्ही शिकलोच नाही. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे १९७० साली जामखेडला आले ते केवळ त्यागाची शिदोरी घेऊन नव्हे. सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र रीतसर शिकून ते आले होते. त्यांनी गावोगावच्या अल्पशिक्षित, पुष्कळदा दलित स्त्रियांना आरोग्यकार्याचे शिक्षण दिले, आणि डॉक्टर दारात नसतानाही गाव निरोगी राहू शकते हे दाखविले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातील स्त्रियांना नवजात अर्भकांची घरच्या घरी शुश्रूषा करण्यास शिकविले. त्या प्रयोगाचे मोजून-मापून लिहिलेले निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने छापले. १९७३ साली सुरू झालेल्या हेमलकशाच्या प्रकल्पातही डॉ. मंदाकिनी आमटे या कोणाच्या मागोमाग आलेल्या पतिव्रता म्हणून उभ्या नव्हत्या. भूलशास्त्र शिकलेल्या डॉक्टर म्हणून उभ्या होत्या. या सर्वांच्या यशाचे मर्म पद्धतीत, अभ्यासात आणि एका ठिकाणी टिकून राहण्यात आहे. आम्ही मात्र त्यांच्या चरित्रातून फाटकी चटई व कंदील एवढेच उचलले, आणि जे उचलले तेही दुसऱ्याच्या मुलांसाठी.

अशा रीतीने पूजा आणि पळवाट यांचे साटेलोटे जमते. सेवा ही असामान्यांची गोष्ट एकदा ठरली की सामान्याने ती टाळण्यात कमीपणा उरत नाही. ‘आमची मुले काही आमटे-बंग नव्हेत’ असे नम्रतेने म्हणावे आणि सुटावे! आणि ज्याला ती टाळता येत नाही त्याने कशाविषयी तोंड उघडावयाचे नाही. उघडले तर तो सेवाभावशून्य. निवासस्थानाच्या भिंतीला ओल आहे, नळाला पाणी नाही, वेतन महिनोन्‌महिने थकले आहे, रात्री रक्तस्राव होत असलेल्या बाळंतिणीविषयी ज्याला विचारावे असा अनुभवी सहकारी नाही, या गोष्टी बोलणे म्हणजे सुखासीनता, असे आम्ही ठरवून टाकले आहे. वस्तुतः त्या रुग्णाच्या हिताच्या गोष्टी आहेत. डॉक्टरचे बिऱ्हाड राहण्याजोगे नसेल तर तो रात्री तालुक्याच्या गावी राहील. आणि तो तेथे राहिला तर मध्यरात्री बैलगाडीतून वा जीपमधून आणलेली स्त्री कुलूप लावलेल्या दारापुढे थांबेल. त्या कुलपाचा दोष एकट्या तरुण डॉक्टरच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचाराचा आहे. सक्तीने घेतलेल्या कामास सेवा कसे म्हणावे? नावाचा आग्रह आम्हांस नाही; त्यास ऋणफेड म्हणा. जगात ही कल्पना नवीन नाही. मेक्सिकोने १९३६ पासून नव्या डॉक्टरांस सामाजिक सेवेचे वर्ष लावले. दक्षिण आफ्रिकेने १९९८ पासून तसेच वर्ष लावले. आमच्याकडे १९४६ साली भोर समितीने ४०,००० वस्तीस एक केंद्र व त्यात दोन डॉक्टर असावेत अशी योजना मांडली होती. आज सपाट प्रदेशात ३०,००० लोकांमागे एक केंद्र असावे असे प्रमाण आहे. केंद्रे बांधली म्हणजे त्यांत माणसे आपोआप येत नाहीत, हा सर्व देशांचा अनुभव आहे. तेव्हा सक्ती आम्हांस मान्य आहे. मात्र आक्षेपकांच्या म्हणण्यात एक सत्य आहे ते नाकारता येत नाही: दरवर्षी नवा डॉक्टर येणे आणि गावाची ओळख होते न होते तोच त्याने निघून जाणे, ही गावाच्या दृष्टीने काही सोय नव्हे. तेथे वर्षानुवर्षे टिकून राहते ती आरोग्यसेविका आणि तिच्याबरोबरची ‘आशा’. गावात कोणती सून अशक्त आहे, कोणाचे मूल लसीवाचून राहिले, हे त्या जाणतात. वर्षभरासाठी आलेल्या डॉक्टरने त्यांचे शिष्यत्व पत्करले तर ते वर्ष गावास व त्यास फळेल. त्यांच्यावर हुकूम गाजविण्यात घालविले तर कोणासच नाही.

आणि सक्ती मान्य करताच दुसरा प्रश्न उभा राहतो, तोच आमच्या मते कळीचा आहे. बंधपत्रावर विद्यार्थ्याची सही आहे. शासनाची सही कोठे आहे? एका पक्षाने काय करावयाचे आणि न केल्यास किती दंड, हे अक्षरी व अंकी लिहिलेले असते. दुसऱ्या पक्षाने काय द्यावयाचे, ते मात्र त्या करारात दंडासह लिहिलेले नसते. विवाहित डॉक्टरांना एका केंद्रात, निदान एका तालुक्यात नेमणे, राहण्याजोगे दोन खोल्यांचे घर, पाणी व दिवे, दरमहा वेळेवर वेतन, रात्रपाळीस संरक्षण, आणि अडचणीच्या प्रसंगी ज्यास विचारता येईल असा ज्येष्ठ वैद्य, या सहा गोष्टी बंधपत्राच्या दुसऱ्या पानावर यावयास हव्यात, आणि त्या न मिळाल्यास शासनासही काही दंड हवा. जो करार एकाच पक्षास बांधतो त्यास करार म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे.

याच जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईचे जन्मस्थान मानले जाते. तिच्यासाठी विठ्ठल जात्यावर दळायला बसला, ही कथा महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? त्या कथेत देव जनीची मिरवणूक काढीत नाही, तिच्या कष्टांचे कौतुक करणारे भाषणही करीत नाही. खुंट्याला हात लावतो. सेवा करणारास समाजाने काय द्यावे याचे याहून स्पष्ट उत्तर आम्हांस ठाऊक नाही. आणि दोघांनी मिळून वर्ष काढावयाचे तर घरातले दळणही दोघांनी वाटून घ्यावे, हेही त्यातच आले.

म्हणून आमच्या वाचक-कुटुंबांस आमचे सांगणे साधे आहे. आपली मुले बंधपत्र लिहून देत असतील तर ते त्यांस वाचावयास लावा, आणि दिलेला शब्द पाळण्यास सांगा. सुटका करून देणाऱ्या ओळखी शोधण्याचे श्रम वाचतील. तेच श्रम निवासस्थानाची दुरुस्ती व थकलेले वेतन यांसाठी अर्ज करण्यात खर्च करा, आणि तो अर्ज आपल्या मुलापुरता न करता त्या केंद्रात पुढल्या वर्षी येणारासाठीही करा. दूरध्वनीवर ‘कधी सुटणार?’ असे विचारण्याऐवजी ‘आज कोण आले होते?’ असे विचारा. सुनेला भेटावयास जाल तेव्हा डबा नेण्यास हरकत नाही; पण चार दिवस राहून तिच्या पतीने, म्हणजे आपल्या मुलाने, भाकरी थापावयास शिकली आहे की नाही हेही पाहून या. आणि सत्कार-समारंभांना जाण्याचा मोह झालाच, तर त्या दिवशी आपल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रात्री तेथे दिवा असतो की नाही, याची चौकशी करा. हेमलकसा व जामखेड यांवर आमची श्रद्धा खरी असेल, तर तिची परीक्षा जिंतूर-पालमच्या त्या दोन खोल्यांत होणार आहे.