मलईदार चिकन सॅलड

चिकन सॅलडची आपल्याकडे जी अवनती झाली आहे, तिचा दोष त्या पदार्थाकडे फारसा नसून, बाटलीतले गोडसर मेयोनेज त्यावर उपडे करून दहा मिनिटांत काम उरकण्याच्या आपल्या घाईकडे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे; आणि ज्यांना ते मान्य नसेल, त्यांनी या पदार्थाच्या वाट्याला आलेला सर्वांत मानाचा प्रसंग जरा ध्यानात घ्यावा.

२ जून १९५३ रोजी लंडनमध्ये राणी एलिझाबेथ दुसरी हिचा राज्याभिषेक झाला, तेव्हा परदेशांहून आलेल्या पाहुण्यांच्या मेजवानीची तजवीज पुष्परचनेसाठी विख्यात असलेल्या कॉन्स्टन्स स्प्राय आणि पाककुशल रोझमेरी ह्यूम यांच्याकडे सोपवण्यात आली. मांसाचे रेशनिंग ब्रिटनमध्ये अजून उठलेले नव्हते, ते १९५४ च्या जुलैत उठले. अशा दिवसांत ह्यूमबाईंनी जो थंड पदार्थ सिद्ध केला, त्यात मंद आचेवर शिजवलेली कोंबडी, घरी घोटलेले मेयोनेज, थोडी फेटलेली साय आणि कांदा, करी पावडर, टोमॅटो व लाल वाइन यांचा आटवून गाळलेला अर्क आणि वाटलेले जर्दाळू हे मुख्य होते. स्प्रायबाईंच्या १९५६ च्या पाकग्रंथात ही कृती नोंदलेली आहे, आणि आज हॉटेलांतून जो पिवळाधमक, मनुकांनी भरलेला गोळा राज्याभिषेकाच्या नावाखाली खपतो, त्याला तिचा बिलकूल आधार नाही.

घरी करताना कसोटी दोनच ठिकाणी लागते. पहिले ठिकाण पातेल्याचे: अर्धा किलो बिनहाडाची कोंबडी थंड पाण्यात मिरी, तमालपत्र, गाजर व मीठ यांसह ठेवावी आणि पाणी खळाखळा न उकळता नुसते हलत राहील एवढीच आच द्यावी, कारण प्रखर उष्णतेने मांसाचे तंतू आक्रसतात, त्यांतला रस पिळून निघतो आणि मग कितीही मलई ओतली तरी घास कोरडाच लागतो. आतले तपमान ७४ अंश सेल्सियस झाले की ती शिजली. तापमापक नसेल तर सर्वांत जाड भाग कापून आत गुलाबी छटा उरली नाही ना, हे पाहावे. पूर्ण थंड झाल्याशिवाय ती सॉसमध्ये घालू नये. कोमट मांस सॉस पातळ करते आणि वर पाणी सोडते.

दुसरे ठिकाण मेयोनेजच्या वाडग्याचे, आणि येथे उतावळ्या माणसाची फजिती ठरलेली. एका पिवळ्या बलकात मीठ, मोहरीची पेस्ट आणि लिंबाचा रस घालून, वास नसलेले तेल आरंभी थेंबाथेंबाने व मिश्रण धरू लागल्यावर बारीक धारेने, सुमारे १५० मिलीलिटरपर्यंत, सतत घोटत घालावे. बलकातील लेसिथिन हे तेल आणि पाणी यांच्यात तह घडवून आणते. परंतु तेल एकदम लोटले की तह मोडतो आणि मिश्रण फुटते. फुटले तरी ते फेकू नये. दुसरा बलक घेऊन त्यात तेच मिश्रण पुन्हा थेंबाथेंबाने घोटावे, म्हणजे बहुधा सावरते.

अर्क करताना वाइनच्या जागी कोंबडीचेच पाणी आणि थोडे लिंबू मला पुरेसे वाटते, आणि जर्दाळू भिजवून वाटले की काम भागते. आपल्या घरचा मसाला मात्र बेताने घालावा. विलायती करी पावडरीच्या मापाने घातला, तर मलईचा सारा मुलाहिजा संपतो.

कच्च्या अंड्याचे मेयोनेज गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांना देऊ नये; त्यांच्यासाठी चक्का थोड्या सायीसह घोटून घ्यावा, चव निराळी लागते, पण वाईट नाही. तयार सॅलड उन्हाळ्यात तासाभराहून अधिक वेळ बाहेर ठेवू नये, आणि फ्रिजमध्ये ठेवलेले दुसऱ्या दिवशी संपवावे.