परक्यांच्या दप्तरातील आपला इतिहास

ज्या पक्षकाराने आपले कागद जपून ठेवले नाहीत, त्यास प्रतिपक्षाचे कागद मागवून आपला दावा शाबीत करावा लागतो, हे कोर्टकचेरीशी संबंध आलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकातील आपल्या समाजाच्या इतिहासासंबंधाने आपली स्थिती आज नेमकी अशीच आहे. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, त्या जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात मुलींची शाळा केव्हा निघाली, तीत कोणत्या जातीची मुले बसत, दुष्काळात तेथे काय घडले, याची हकीकत त्या गावच्या चावडीत बहुधा मिळत नाही. ती अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात मिळण्याचा संभव अधिक. कारण १८१३ साली मुंबईस उतरलेल्या गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट यांच्यापासून पुढे ज्या मिशनऱ्यांनी येथे काम केले, त्यांना पाठविणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे दप्तर तेथे जपून ठेवलेले आहे.

ही एकच संस्था नव्हे. चर्च मिशनरी सोसायटीचे कागद बर्मिंगहॅम विद्यापीठात आहेत. लंडन मिशनरी सोसायटीचे लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत. मंगळूर येथे १८३४ साली आलेल्या बासेल मिशनचे स्वित्झर्लंडात. आणि १७०६ साली तरंगंबाडीस उतरलेल्या झीगेनबाल्ग व प्लुत्शाउ यांच्या मिशनचे जर्मनीतील हाल्ले शहरी. एवढा कागद या लोकांनी का लिहिला, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यांचा खर्च दूरदेशीच्या देणगीदारांच्या वर्गणीवर चाले, आणि वर्गणीदारास हिशेब व हकीकत पाठविल्यावाचून पुढची वर्गणी येत नसे. म्हणून दर वर्षाचे अहवाल, शाळांचे तक्ते, बाप्तिस्म्याच्या नोंदी, प्रवासाची टिपणे, पैशाचा जमाखर्च हे सर्व नियमाने लिहिले गेले. ज्यांची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या वह्यांवर चालत आली, त्या आमच्या व्यापारी वाचकांस या नियमितपणाचे मोल निराळे सांगावयास नको.

आता या दप्तराविषयी आपल्यात दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, हे धर्मांतरासाठी आलेल्या लोकांचे लिखाण, परकी सत्तेच्या छायेत झालेले. त्यास हातही लावू नये. दुसरा म्हणतो, आपल्याकडे इतिहासबुद्धी कधी नव्हतीच, तेव्हा साहेबाने लिहून ठेवले तेच प्रमाण. आमच्या मते हे दोन्ही पंथ एकाच आळसाची दोन रूपे आहेत. कागद न वाचता टाकून देणे आणि कागद न पारखता मान्य करणे, या दोहोंतही श्रम वाचतात. सत्य मात्र हाती लागत नाही.

पहिल्या पंथास आमचा प्रश्न असा की, ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांची साक्ष तुम्ही कोठून आणणार? जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाई नावाच्या मांग जातीच्या मुलीने मांगमहारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. अस्पृश्य गणलेल्या मुलीने स्वतःच्या हाताने लिहिलेला असा जुना लेख मराठीत दुर्मिळ आहे. तो १८५५ साली छापला कोणी? १८४२ साली अहमदनगरास निघालेल्या ‘ज्ञानोदय’ या अमेरिकन मिशनच्या पत्राने. ते पत्र छापले गेले नसते, किंवा त्याचे अंक जपले गेले नसते, तर त्या मुलीचा शब्द आज आपल्यापर्यंत पोहोचता ना. खुद्द जोतीरावांनी १८४८ साली पुण्यास मुलींची शाळा काढली, तीपूर्वी त्यांनी अहमदनगरास मिस सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या होत्या. हे कबूल केल्याने जोतीरावांचे मोठेपण तिळमात्र कमी होत नाही. दिवा दुसऱ्या दिव्यावर लावला म्हणून त्याचा उजेड उसना ठरत नाही.

आता दुसऱ्या पंथाकडे वळू. हे दप्तर निर्लेप आहे असे ज्यांस वाटते त्यांनी झीगेनबाल्गची गोष्ट लक्षात ठेवावी. या गृहस्थाने तमिळ भाषा शिकून दक्षिणेतील देवदेवतांविषयी एक विस्तृत ग्रंथ १७१३ साली सिद्ध केला व हाल्लेस पाठविला. तेथील धुरीणांना तो छापण्याजोगा वाटला नाही. त्यांनी माणूस पाठविला होता तो आपला धर्म सांगण्यासाठी. दुसऱ्यांचा धर्म समजावून देण्यासाठी नव्हे. तो ग्रंथ छापला गेला १८६७ साली, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांनी! त्याच काळात हाल्लेहून तरंगंबाडीची पत्रे व वृत्ते मात्र नियमाने प्रसिद्ध होत होती. पण ती देणगीदारांपुढे ठेवण्यासाठी निवडून व संस्कारून. यावरून छापील अहवाल ही एक गोष्ट आणि मूळ पत्र ही दुसरी गोष्ट, हे स्पष्ट होते.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. विल्यम कॅरी याने श्रीरामपूर येथे १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली कोश प्रसिद्ध केला, हे आपण शाळेत शिकतो. पण या कामात त्यास साहाय्य करणारे पंडित वैजनाथ यांचे नाव किती जणांस ठाऊक आहे? बंगालात बसलेल्या इंग्रजास मराठीचा शब्द आणि शब्दाचा अर्थ सांगणारा कोणी मराठी जाणता मनुष्य असल्याखेरीज ते काम होणे शक्यच नव्हते. मिशनच्या कागदांत अशी माणसे पुष्कळदा ‘देशी मदतनीस’ एवढ्याच नावाने वावरतात. ज्याने अहवाल लिहिला त्याचे नाव राहिले. ज्याच्या बळावर लिहिला तो नाहीसा झाला. या नाहीशा झालेल्या शिक्षकांस, भाषांतरकारांस व बायबलबायांस शोधून काढणे हे काम परका मनुष्य आपल्याइतके मन लावून करील, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

मग या साक्षीदारास पारखावे कसे? कायद्यात याचा एक जुना नियम आहे. मनुष्य स्वतःच्या लाभाचे जे बोलतो त्यास वजन थोडे, स्वतःच्या विरुद्ध जे कबूल करतो त्यास वजन फार. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून नव्या अधिनियमाने घेतली. पण हे तत्त्व बदललेले नाही, कारण ते मनुष्यस्वभावावर उभे आहे. हा नियम मिशनच्या दप्तरास लावून पाहा. ‘आमच्या उपदेशाने गाव बदलून गेले’ असे मिशनरी लिहितो तेव्हा सावध राहावे. परंतु १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांस दक्षिणेतील आपल्याच मंडळ्यांत जातिभेद सोडा असा सक्त हुकूम काढावा लागला, आणि त्यावरून तंजावर प्रांती मोठी खळबळ उडाली, हे तेच कागद सांगतात तेव्हा तो कबुलीजबाब होय. धर्म बदलला म्हणजे जात आपोआप जाते, या समजुतीस त्याहून मोठे उत्तर कोणते? तसेच दुष्काळात मिशनच्या आश्रयास आलेल्यांपैकी भुकेने आलेले किती आणि श्रद्धेने आलेले किती, ही शंका मिशनऱ्यांनीच आपल्या लिखाणात पुनःपुन्हा बोलून दाखविली आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा येथील पुष्कळांनी त्या परक्यांच्या हातचे बाहुले झाल्या असे मानले. पण त्यांचा पत्रव्यवहार वॉण्टेजच्या सिस्टर जेराल्डिन यांनी जमवून ठेवला होता, आणि तो १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. त्यात काय दिसते? क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत असे विचारणारी, आणि एका पुरोहितवर्गाचे जू झुगारून दुसऱ्याचे मानेवर घेण्यास साफ नाकारणारी तेजस्वी स्त्री दिसते. ज्यांनी तिला वळण लावण्याचा यत्न केला, त्यांच्याच संग्रहाने तिच्या स्वतंत्र बुद्धीची साक्ष दिली. हे कागद शंभर वर्षांपूर्वी आपल्या हाती असते, तर तिच्याविषयीचे आपले कित्येक वाद अधिक न्यायाने झाले असते.

कोणी म्हणेल, या दप्तराचे गुण गाताना धर्मांतराने कुटुंबांवर आलेली संकटे तुम्ही विसरता. आम्ही ती विसरत नाही. १८३९ साली मुंबईत दोन पारशी तरुणांच्या बाप्तिस्म्यावरून झालेला दावा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १८४३ साली श्रीपत शेषाद्री या अल्पवयी मुलाचे प्रकरण उद्भवले, आणि त्यास प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, या पक्षाने बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. आईबापांचा तो आक्रोश खरा होता, आणि अज्ञान मुलाच्या मनावर घातलेल्या दडपणाचे समर्थन आम्ही कधीही करणार नाही. पण याच कारणास्तव ते कागद वाचले पाहिजेत. ज्यास आरोप करावयाचा आहे त्याने तर पुरावा अधिकच बारकाईने तपासावा. पुराव्यावाचून केलेला आरोप टाळीस पात्र होतो, निकालास नाही.

शिवाय या दप्तरात केवळ धर्माचीच चर्चा आहे असे समजणे चूक आहे. मुंबईच्या व कोकणच्या असंख्य घरांवर जी मंगळुरी कौले चढली, त्यांचा मंगळुरातील पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली काढला. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी यांनी उमेदवारी केली ती मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात. आफ्रिकेतील गुलामगिरीतून सोडविलेली मुले नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनच्या आश्रमात शिकली. त्यांपैकी जेकब वेनराइट हा लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या प्रवासात होता, आणि १८७४ साली त्याच्या शवाबरोबर लंडनपर्यंत गेला. नाशिकचा हा धागा आफ्रिकेच्या इतिहासात विणला गेला आहे, हे नाशिककरांपैकी किती जणांस ठाऊक असेल?

तेव्हा करावयाचे काय? आमच्या मते चार गोष्टी. पहिली, महाराष्ट्राशी संबंध असलेले मिशनचे कागद कोणत्या देशात, कोणत्या संग्रहात आहेत, याची मराठी सूची आपल्या विद्यापीठांनी मिळून करावी आणि छायाप्रती आणवाव्या. यंत्राने कागदाचे चित्र घेणे आता सोपे झाले आहे. तेव्हा समुद्र ओलांडण्याची सबब उरली नाही. दुसरी, येथल्या जुन्या मंडळ्या, शाळा व रुग्णालये यांच्या कपाटांत जी रजिस्टरे वाळवीची वाट पाहत पडली आहेत, ती तपासण्याची व्यवस्था त्या त्या संस्थांच्या संमतीने व्हावी. तिसरी, या साक्षीस ताडून पाहावयाचे तर आपलेही कागद वाचता आले पाहिजेत, आणि ते बहुतांशी मोडीत आहेत. मोडी वाचणारे दिवसेंदिवस कमी होत चालले, आणि मिशनऱ्याचे इंग्रजी मात्र सर्वांस वाचता येते. अशा स्थितीत खटल्यात एकच बाजू बोलत राहिली तर दोष कोणाचा?

चौथी गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांच्या स्वाधीन आहे. आपल्या पेढीच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या वेळच्या वह्या, हुंड्या व पत्रे असतील. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत ती रद्दीत घालण्याआधी एखाद्या इतिहास संशोधक मंडळास किंवा सरकारी पुराभिलेखागारास दाखवावी. त्या वह्यांत दुष्काळातील धान्याचा भाव सापडेल, शाळेस दिलेली वर्गणी सापडेल, आणि मिशनऱ्याने ज्या गावाविषयी लिहिले त्याच गावाचा दुसरा हिशेब सापडेल.

स्वाभिमान म्हणजे परक्याचा कागद जाळणे नव्हे, आणि उदारपणा म्हणजे त्यावर डोळे मिटून सही करणे नव्हे. परक्यांनी आपल्याविषयी लिहिले हा त्यांचा उद्योग होता. आपण ते दोनशे वर्षे तपासले नाही हा आपला आळस आहे. एकतर्फी निकाल लागल्यावर न्यायाधीशास बोल लावण्यात अर्थ नसतो. आपला साक्षीदार व आपले कागद घेऊन वेळेवर हजर राहणे, हाच त्यावर उपाय.